विलासची जॉयस्टिक मी अजून हलवू देत नाही

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर मी त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवणारी बाई. शेजारणी म्हणायच्या, अक्काला कशाचं भय नाही. खरंच नव्हतं. पण माझ्या घरात एक पत्र्याची पेटी आहे, तिला मी कोणाला हात लावू देत नाही. आता घर पाडून तिथे बिल्डिंग होणार आहे, पेटी हलवावीच लागणार, आणि त्या विचाराने मला झोप नाही. म्हणून मन मोकळं करायला बसलेय. जन्मभर मुलांना टायपिंग शिकवलं, पण हा मोबाईल अंगठ्याने बडवायला काही जमत नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

गोष्ट नव्वदनंतरची, जळगावची. पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. मशीनं जुनी झाली, पोरं कॉम्प्युटर विचारायला लागली, तसा मी एक कॉम्प्युटर आणला. शिकवणारं कोणी नव्हतं. पुस्तक डाव्या हाताला ठेवायचं आणि एकेक ओळ टाइप करून बघायची, असं करत मी बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. मी शिकले, मग माझ्याकडून माझा धाकटा भाऊ विलास शिकला, आणि मग तो माझ्या कुठल्या कुठे पुढे गेला. आई गेली तेव्हा तो लहान होता. मीच वाढवला, लग्नानंतर इकडे घेऊन आले. भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, सारखंच.

विलासला पायलट व्हायचं होतं. चष्म्याचा नंबर आडवा आला. मग म्हणाला, "अक्का, खरं नाही तर खोटं विमान उडवतो," आणि विमान उडवायचा गेम बनवायला बसला. पडद्यावर हिरव्या रेघांची जमीन, मधून तापी, वर सातपुड्याचे त्रिकोण. आमचे हे, म्हणजे यांना सगळे नाना म्हणत, ते सोनगीरकडचे, बोलणं सगळं अहिराणी. कापसाच्या जिनिंगमधून दुपारी जेवायला आले की दारातूनच विचारायचे, "काय शे रे त्या डब्बामा? बठ्ठा दिन दोन्ही भाऊबहीण तोंड घालीसन बठेल शेतस."

विलास म्हणायचा, "नाना, विमान आहे. बसता का?"

"मंग आपला सोनगीरना किल्ला दखाड मले. किल्ला नही त्या विमानमा मी काय बसाव नही."

विलासने खरंच एक टेकडी काढून वर चौकोन ठेवला. हे म्हणाले, आमच्या गावात असल्या आकाराचा फक्त गूळ मिळतो. असं सगळं हसतखेळत चाललं होतं हो.

फक्त एक घोर होता. सावद्याला आमचे मामा, केळीचे व्यापारी. विलास सकाळी मोटरसायकलने तिकडे जायचा, केळी भरून ट्रक रवाना करायचा आणि दुपारी परत यायचा. मामांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काय ते खेळ, नंतर कायमचा सावद्याला ये. आणि दिवाळीनंतर पुण्याचे एक गृहस्थ गेम बघायला येणार होते. आवडला तर नोकरी देतो म्हणाले होते.

आता ती जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची काडी. विकतची मिळत होती मुंबईला, पण विलास म्हणाला, आपणच करू. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला गोल बटण असतं ना, त्याच्या आतला भाग घ्यायचा, दोन घ्यायचे. काडी डावी-उजवीकडे झुकली की एक फिरतो, पुढे-मागे झुकली की दुसरा. डाव्या-उजव्याला म्हणायचं एक्स-ॲक्सिस, पुढच्या-मागच्याला वाय. कॉम्प्युटर त्याचा आकडा वाचतो. आमची काडी मधोमध उभी असली की शंभराच्या आसपास आकडा यायचा, पूर्ण डावीकडे नेली की चार-पाचवर, पूर्ण उजवीकडे गेली की दोनशेजवळ. काडी मी लाकडाची तासून घेतली. तिला धरायला मूठ हवी, तर विलासने काय करावं, स्वतःच्या मोटरसायकलच्या हँडलची डावीकडची रबरी मूठ उपटून आणली आणि काडीवर चढवली. गाडीच्या उघड्या दांड्याला गुंडाळली सुती चिंधी. म्हटलं, अरे, नवी आण ना बाजारातून. तर म्हणाला, "हिला माझा हात ओळखतो अक्का."

सुरुवातीला आकडे वेडेवाकडे यायचे. आज मध्य शंभरवर, उद्या साठवर. पण त्याचं कारण सापडलं. आमच्या कॉम्प्युटरला वेग वाढवायचं एक बटण होतं, क्लासची पोरं ते दाबून जायची. कॉम्प्युटर भराभर मोजायला लागला की तीच काडी वेगळा आकडा दाखवते. बटणावर चिकटपट्टी लावली, संपलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण मी कारण शोधणारी बाई आहे. माझी पद्धत एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते जन्मात कळत नाही. विलासलाही मी हेच शिकवलं होतं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते, तुम्हाला माहीतच आहे. टायपिंगची मशीनं पुसली, कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, विलासची मोटरसायकल ओट्यावर चढवून घेतली. झेंडूची फुलं बांधायला लाल नाडा काढला तर तो एकच निघाला. मग त्याचेच दोन तुकडे केले, एक गाडीच्या हँडलला चिंधीवरून बांधला आणि एक जॉयस्टिकच्या मुठीला. विलास म्हणाला, "अक्का, विमानाच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं." हे म्हणाले, त्याचं सरबत कर आणि मला दे.

बस, एवढंच केलं होतं मी. मंत्र नाही, तंत्र नाही, घरोघरी करतात तसंच.

दसऱ्यानंतर एका दुपारी क्लास सुटला होता. मी सहज गेम लावला तर विमान आपोआप डावीकडे झुकलं. सरळ झालं. मग थोडं उजवीकडे झुकलं. काडी टेबलावर सरळ उभी, माझे हात मांडीवर. मी गेम बंद केला आणि नुसते आकडे दाखवणारा आमचा छोटा प्रोग्रॅम लावला. शंभर, सत्त्याण्णव, एकशे चार, एकदम ऐंशी, परत शंभर. वायचा आकडा जागचा हलत नव्हता, फक्त एक्स. काडी न हलता आतला भाग फिरूच शकत नाही, मंडळी. मी स्वतः जोडला होता तो.

संध्याकाळी विलासला दाखवायला गेले तर आकडा शंभरला खिळलेला. "अक्का, तुझ्या हाताला लागलं असेल." दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मग मी माझ्या पद्धतीने निघाले. आतला भाग बदलला, नवा टाकला. तरी तेच. वायर बदलली. पंखा बंद केला. स्टॅबिलायझर शेजारणीकडून आणून लावला. ज्या कार्डात वायर खोचतात ते काढून पुसून बसवलं. विलास घरी असताना सगळं ठीक, तो नसताना दुपारी आकडे पळायला लागायचे. तो चेष्टा करायचा, "तू बसलीस की विमान घाबरतं." मी हसायचे, पण मनात कुठेतरी बोचायला लागलं होतं.

मग एक दिवस मी नुसती बसून राहिले. काहीच बदललं नाही. आकडे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, मग बराच वेळ सरळ... आणि हळूहळू येऊन शंभरवर थांबले. थांबले ते थांबले. मी म्हटलं, बरं झालं. एवढ्यात गल्लीत मोटरसायकलचा आवाज बंद झाला आणि फाटकाची कडी वाजली. विलास आला होता.

मी मनाला म्हटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आकडे शंभरवर थांबले, कडी वाजली. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर मला त्या आकड्यांत रस्ता दिसायला लागला. विलासच्या मागे बसून मी सावद्याला किती वेळा गेलेय. फैजपूरच्या बाजारात हातगाड्यांमधून गाडी काढताना तो कसा बारीक-बारीक डावी-उजवी करतो, ते माझ्या पाठीला पाठ होतं. पडद्यावर तेच. मग सरळ रस्ता, तसा सरळ आकडा. मग मोठं वळण. मग तापीचा पूल, तिथे तो हँडल घट्ट धरून एका रेषेत जातो, तिथे आकडा खिळल्यासारखा. पूल संपला की भुसावळची गर्दी. मी त्या खोलीत बसून माझ्या भावाला घरी येताना बघत होते.

सांगायचं कोणाला? विलासला सांगितलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी मुद्दाम नागमोडी गाडी चालवून बघणार, तसलाच तो. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुले झोप नही भेटत." पण दुपार झाली की माझा पाय त्या खोलीतून निघेना.

तो दिवस दिवाळीच्या आधीचा, उन्हाचा. मी नेहमीसारखी बसलेली. फैजपूर गेलं, सरळ रस्ता गेला, वळण गेलं. पूल लागला, आकडा शंभरवर खिळला. आणि मग नव्वद झाला.

पुलावर तो कधी नव्वद व्हायचा नाही.

ऐंशी. साठ. एकदम तीस. डावीकडे... पुलावर डावीकडे काय असतं? कठडा आणि खाली तापी. पडद्यावर आकडा घसरत होता आणि माझ्यासमोर ती काडी सरळ उभी होती, लाल नाडा बांधलेली, मेल्यासारखी शांत. मी काही विचार केला नाही हो. झडप घातली, दोन्ही हातांनी ती मूठ धरली आणि उजवीकडे ओढली.

ती काडी म्हणजे तासलेलं हलकं लाकूड, खरं तर दोन बोटांनी हलायची. त्या दिवशी ती हलेना. उभ्या मोटरसायकलचं हँडल वळवताना जसा जोर लागतो ना, तसा जोर लागला. आणि मूठ गरम होती. उन्हाने तापल्यासारखी नाही, घामेजलेली गरम, आत्ताच कोणाचा तरी हात सुटल्यासारखी. मी टेबलाला गुडघा लावून ओढलं. टेबलाच्या कडेवर हात आपटला, काकणं खळकन वाजली, एक वाढलं, काच मनगटात रुतली. आणि मग काडी एकदम सैल होऊन उजवीकडे आली. मी ती मध्यावर आणली. आकडा शंभर.

शंभर, आणि मग काहीच नाही. एकाने पुढे नाही, एकाने मागे नाही.

आता तुम्ही सांगा, त्याचा अर्थ काय घ्यायचा मी? तो थांबलाय? पडलाय? आहे का नाही? घरात फोन नव्हता. फोन करायला समोरच्या दुकानात जायचं तर काडी सोडायला हवी. मी सोडली नाही. मी ती मध्यावर धरून तशीच बसले. मनगटातून रक्त येत होतं ते मला दिसत होतं, दुखत नव्हतं.

हे जेवायला आले. "अवं, ताट वाढशी का आज विमानमाच जेवू?" मग माझं तोंड बघितलं आणि यांचा आवाज बदलला. "काय व्हयनं? हात सोड."

"सोड म्हणू नका. विलास पुलावर आहे."

"कोणता पूल?"

"तापीचा. तुम्ही जा, समोरच्या दुकानातून मामांना फोन लावा, निघाला का विचारा."

आयुष्यभर माझी चेष्टा करणारा माणूस, चपला न घालताच गेला. परत येऊन म्हणाले, मघाच निघाला. आणि माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसले. विश्वास ठेवला म्हणून बसले का माझी दया आली म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच. माझे हात अवघडून आले तेव्हा त्यांनी खालून माझ्या कोपरांना आधार दिला.

शेवटी ट्रक थांबल्याचा आवाज आला. मोटरसायकलचा नाही, ट्रकचा. मी डोळे मिटून घेतले. फाटकाची कडी वाजली आणि विलासचा आवाज आला, "अक्का, घाबरू नको."

तो दारात उभा होता. कोपर सोललेलं, चष्मा गेलेला, शर्टाला केळीचा चीक. गाडी ट्रकमध्ये टाकून आणली होती. मी तरी मूठ सोडली नाही. म्हटलं, आधी बस. खाली बस. तो बसला, मग मी बोटं सोडवली, एकेक करून.

पाणी प्यायला आणि सांगायला लागला. पुलावर पुढच्या ट्रकमधून केळीची पानं पडली होती, त्यावरून चाक घसरलं. समोरून गाडी येत होती. हँडल कठड्याकडे वळलं, ती चिंधी सुटली आणि डावा हात दांड्यावरून निसटला. "उजवा पण सुटला अक्का. मी गेलोच होतो, मला खाली पाणी दिसलं. आणि मग हँडल उजवीकडे वळलं. मी नाही वळवलं. माझे हातच नव्हते त्याच्यावर." गाडी रस्त्याच्या बाजूला पडली आणि तोही तिच्याबरोबर, कठड्याच्या आत.

हे म्हणाले, "चाक दगडले लागनं व्हई."

"असेल," विलास म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत बोलला. "पण नाना, काकणं वाजली. कानाजवळ. त्या पुलावर बाई नव्हती."

मी माझा हात पदराखाली घेतला. पण त्याने टेबलाखालचे हिरव्या काचेचे तुकडे बघितले होते.

त्या दिवसानंतर त्याने जॉयस्टिक कॉम्प्युटरला लावली नाही. पुण्याच्या गृहस्थांना गेम दाखवला तो बाणाच्या बटणांवर. ते म्हणाले, जॉयस्टिक असती तर मजा आली असती. नोकरी मात्र मिळाली. विलास आता पुण्यात आहे, नातवंडं आहेत त्याला, स्वतः गाडी चालवतो. ती मोटरसायकल कधीच भंगारात गेली, तिच्यावरचा नाडाही तिच्याबरोबर गेला असेल.

काडीवरचा नाडा आहे. कापायला मन धजलं नाही. मी ती काडी चारही बाजूंनी सरकी काढलेला कापूस ठासून पेटीत उभी ठेवली, अगदी मध्यावर, कुठे कलणार नाही अशी. नाना होते तोवर ते रोज एकदा त्या पेटीवरून हात फिरवून जायचे. विलास पुण्याहून गाडी घेऊन निघाला की त्याची बायको, मी तिला सूनच म्हणते, मला फोन करते, आणि तो पोचेपर्यंत मी पेटीजवळ बसते. सुनेला वाटतं, अक्का देवाजवळ बसतात.

एका इंजिनिअरला मी बाकीचं सगळं न सांगता फक्त आकड्यांचं विचारलं होतं. तो म्हणाला, उकाड्याने भाग प्रसरण पावतात, कार्ड जुनं असेल, दमट हवा असेल. ऐकून घेतलं. उकाड्याला फैजपूरचा बाजार कसा माहीत, हे त्याला विचारता आलं नाही.

आता घर रिकामं करायचंय. विलासला बजावून सांगितलंय, रेल्वेने ये. तो आला की त्याला घरात पाटावर बसवणार, आणि मगच पेटी माझ्या हाताने उचलणार, कापूस आणखी ठासून. पुढे माझ्यानंतर ती कोणी सांभाळायची, ते मला माहीत नाही. सुनेला सांगावं का हेही कळत नाही.

खरं तर छडा लावायला एकच चाचणी पुरे आहे. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. विलास रस्त्यावर असताना काडी जराशी कलती करायची आणि बघायचं. जन्मभर मी हेच करत आले, हेच शिकवलं. ही एक चाचणी मात्र माझ्याकडून झाली नाही, होणार नाही. त्यामुळे हे काय होतं, ते आजही मला ठाऊक नाही.

तुमच्यापैकी कोणाला काही माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त, एकदा हलवून बघा असं कोणी सांगू नका.